चौकोनी खाचेचा धनी : पी. एल. रॉबर्टसन



स्क्रू काढायला पेचकस लागतो. आपल्या वडोदऱ्यात हार्डवेअरच्या दुकानात तो ‘डिसमिस’ म्हणून मागितला तर चटकन हाती पडतो. पण घरात नेमका वेळेवर सापडला नाही, तर आपण काय करतो? सुरीचे टोक, कात्रीचे पाते, रुपयाचे नाणे, जे हाताशी येईल ते चिरेत घालून फिरवतो. डोक्यावर सरळ आडवी चीर असलेला स्क्रू यांतल्या कशानेही फिरतो. सोयीच्या दृष्टीने हे बरे, पण जी वस्तू कोणीही उघडू नये तिच्यावर असा स्क्रू लावणे म्हणजे कुलपातच किल्ली ठेवून जाण्यासारखे. स्क्रूची खाच कशी असावी आणि तिची किल्ली कोणाच्या हाती असावी, या दोन प्रश्नांपायी ज्यांनी आयुष्य वेचले, अशा एका कॅनेडियन गृहस्थांची ओळख या लेखात करून देत आहे.

पीटर लिंबर्नर रॉबर्टसन यांचा जन्म १० डिसेंबर १८७९ रोजी कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात झाला. तरुणपणी ते फिरते विक्रेते होते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या एका कंपनीची हत्यारे घेऊन ते पूर्व कॅनडात गावोगाव हिंडत. हत्यार नुसते दाखवून खपत नाही, ते चालवून दाखवावे लागते. असेच एकदा मॉन्ट्रियल शहरात ते स्प्रिंगवर चालणारा पेचकस लोकांना दाखवत होते. पाते चिरेतून निसटले आणि त्यांच्या हातात घुसले. सरळ चिरेच्या स्क्रूवर काम केलेल्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. चीर दोन्ही बाजूंनी उघडी असते, त्यामुळे जोर लावला की पाते बाजूला सरकते. बहुतेक माणसे हाताला पट्टी बांधून पुन्हा कामाला लागतात. रॉबर्टसन मात्र या खाचेच्या मागेच लागले.

चौकोनी खाचेची कल्पना त्यांच्या आधीही लोकांना सुचली होती. अमेरिकेत तिचे पेटंटही घेतले गेले होते. अडचण होती ती करण्याची. स्क्रूचे डोके थंड धातूवर साच्याने ठोकून घडवतात. त्यात खोल चौकोनी खड्डा पाडू गेले की धातू फाटे किंवा डोके देठापाशी कमजोर होई. रॉबर्टसन यांनी खाचेच्या कडा किंचित तिरप्या केल्या, बाजू आत जाताना थोड्या निमुळत्या ठेवल्या आणि तळाला पिरॅमिडसारखे टोक दिले. अशा आकाराचा ठसा मारला की धातू फाटण्याऐवजी बाजूंना सरकतो आणि डोके उलट अधिक मजबूत होते. वाचायला हे किरकोळ वाटते, पण सारे यश या जराशा उतारातच होते. १९०९ मध्ये त्यांना कॅनडाचे पेटंट मिळाले.

या खाचेचा फायदा कारागिराला पहिल्याच दिवशी कळे. पेचकसाचे चौकोनी टोक खाचेत आपोआप बरोबर मधोमध बसते, घट्ट बसते आणि निसटत नाही. स्क्रू टोकावरच अडकून राहत असल्याने दुसरा हात फळी धरायला मोकळा राहतो. आणि सुरी किंवा नाणे इथे काही कामाचे नाही.

पेटंट हाती येण्याआधीच, १९०८ मध्ये, रॉबर्टसन यांनी मिल्टन या लहानशा गावात कारखाना काढला. गावानेही त्यांना कर्ज आणि इतर सवलती दिल्या. फर्निचर करणारे, होड्या बांधणारे असे गिऱ्हाईक हळूहळू जमू लागले. सर्वांत मोठे गिऱ्हाईक आले ते मोटारींच्या धंद्यातून. त्या काळी मोटारीच्या सांगाड्यात लाकूड बरेच असे, आणि फोर्डच्या कॅनडातील कारखान्यात एका गाडीला सातशेहून अधिक चौकोनी खाचेचे स्क्रू लागत. दर गाडीमागे वाचणारा वेळ आणि पैसा हेन्री फोर्ड यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

दरम्यान रॉबर्टसन यांना एक कडू अनुभव येऊन गेला होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी इंग्लंडमध्ये आपला स्क्रू तयार करण्याची व्यवस्था केली होती. तो व्यवहार अंगाशी आला, आणि आपलेच हक्क परत मिळवण्यासाठी त्यांना पैसे मोजावे लागले. दुधाने तोंड पोळले होते. अशा वेळी फोर्ड यांच्याशी बोलणी सुरू झाली. आपल्या गाड्यांसाठी लागणारे स्क्रू कोठे आणि कसे तयार व्हावेत यावर फोर्ड यांना आपला ताबा हवा होता. रॉबर्टसन यांनी नकार दिला. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कारखानदाराला नाही म्हणायला छाती लागते, हे मान्यच केले पाहिजे. पण अमेरिकेचे दार त्या नकाराने बंद झाले ते झालेच.

ती जागा रिकामी राहिली नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या हेन्री फिलिप्स यांनी दुसऱ्या एका संशोधकाकडून अधिक-चिन्हासारख्या खाचेची कल्पना विकत घेतली, तीत सुधारणा केली आणि १९३६ मध्ये पेटंटे मिळवली. फिलिप्स यांनी स्वतः कारखाना काढण्याच्या भानगडीत न पडता परवाने वाटले. जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाडीत हे स्क्रू वापरले आणि बघता बघता अमेरिकेतले बहुतेक स्क्रू कारखाने ते करू लागले. आपल्या घरातला ‘चार बाजूंचा’ स्क्रू तो हाच. जोर वाढला की या खाचेतून पेचकस वर उसळतो आणि खाच झिजते, हे पालकांपैकी अनेकांनी मिक्सर किंवा इस्त्री उघडताना अनुभवले असेल. माझ्या मते चौकोनी खाच यापेक्षा सरस आहे आणि पुष्कळ कारागीरही तेच सांगतील. पण बाजारात सरस वस्तूपेक्षा सर्वांना मिळणारी वस्तू पुढे गेली.

रॉबर्टसन यांचा हेतू आपला स्क्रू लोकांपासून लपवण्याचा कधीच नव्हता. तो घरोघरी पोचावा हेच त्यांना हवे होते. मात्र पेचकस जवळ नसेल तर स्क्रू हलत नाही, हा जो गुण त्यांच्या खाचेत आपसूक आला होता, त्यावर पुढे एक वेगळी शाखाच उभी राहिली. तिला आपण छेडछाडरोधक स्क्रू म्हणू. १९६७ मध्ये सहा टोकांच्या चांदणीसारखी टॉर्क्स खाच आली. तिच्या मधोमध एक बारीक खुंटी ठेवली, की साधे टोक आत जात नाही, छिद्र असलेलेच लागते. चौकोनी खाचेतही अशी खुंटी ठेवता येते. काही स्क्रूंच्या डोक्यावर नुसती दोन छिद्रे असतात, त्यांना दुपाखी पेचकस लागतो. काहींची चीर अशी कापलेली असते की आवळताना पाते अडते आणि उलटे फिरवताना घसरते, म्हणजे स्क्रू आत जातो, बाहेर येत नाही. काही बोल्टचे डोके पुरेसे आवळले की तुटूनच पडते आणि धरायला काही उरत नाही. सार्वजनिक शौचालये, तुरुंग, बागेतील बाके, विजेच्या पेट्या अशा जागी हे स्क्रू लागतात. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना जी उच्च सुरक्षा नंबरपाटी बंधनकारक झाली, तिचे खिळेही असेच आहेत, तोडल्याशिवाय ते निघत नाहीत.

अर्थात यातला कोणताही स्क्रू तिजोरी नव्हे. ज्याच्याकडे योग्य टोक आहे त्याला तो क्षणात उघडतो, आणि ती टोके आज संचात विकत मिळतात. असा स्क्रू फक्त सहज जाता जाता हात घालणाऱ्याला थांबवतो. आणि कधी कधी तो चोराला नव्हे, तर मालकालाच थांबवतो! अ‍ॅपल कंपनीने २००९ मध्ये आपल्या संगणकात आणि पुढे आयफोनमध्येही पाच पाकळ्यांच्या फुलासारखी खाच आणली, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांनी बरीच ओरड केली. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपल्याला उघडता का येऊ नये, असा त्यांचा सवाल होता. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तिच्यापुढेही मुळात हाच विषय होता.

फोर्ड यांचे गिऱ्हाईक हातचे गेले तरी रॉबर्टसन यांनी मिल्टनचा कारखाना नेटाने चालवला. मालकी शेवटपर्यंत कोणाच्या हाती दिली नाही. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. कॅनडाबाहेर त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. कॅनडात मात्र सुतार पेचकस मागताना अजूनही मापाऐवजी मुठीचा रंग सांगतो : बारीक स्क्रूला हिरवा, रोजच्या कामाला लाल आणि जाड स्क्रूला काळा.