जॉन गॅरंड : एका कारागिराची कथा

शस्त्र घडविणाऱ्या माणसाचे चरित्र कला शाखेच्या वार्षिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. इतिहासाचा अभ्यास करताना सेनापतींची नावे आपण पाठ करतो. पण ज्याने घडविलेली वस्तू दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी सैनिकांच्या खांद्यावर होती, त्या जॉन गॅरंड यांचे नाव आपल्या क्रमिक पुस्तकांत मला कधी आढळले नाही. शस्त्रांविषयी मला प्रेम नाही. या माणसाविषयी मात्र कुतूहल वाटते.

गॅरंड यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातील क्यूबेक प्रांतात, सेंट रेमी गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. मातृभाषा फ्रेंच, घरात भावंडे पुष्कळ. पुढे आई वारली आणि वडील मुलांना घेऊन अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात आले. तेथे लहानगा जॉन कापडगिरणीत झाडू मारू लागला. केर काढता काढता तो इंग्रजी शिकला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्रे पाहू लागला. गिरणगावाच्या कथा वाचलेल्यांना हा मुलगा अनोळखी वाटणार नाही. ऐन तारुण्यात तो कुशल यंत्र-कारागीर झाला आणि प्रॉव्हिडन्स येथील हत्यारे बनविणाऱ्या एका नामांकित कारखान्यात नोकरीस लागला. नेमबाजीचा नादही त्याला होताच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एका हलक्या मशीनगनचा आराखडा सरकारकडे धाडला. तो पसंत पडला खरा, पण नमुना तयार होईपर्यंत युद्ध संपले होते. तरीही त्यातूनच १९१९ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत त्यांना काम मिळाले. पुढची चौतीस वर्षे ते तेथेच होते.

त्यांच्यापुढे प्रश्न कोणता होता? आपल्याकडे एन.सी.सी.च्या जुन्या छात्रांनी थ्री-नॉट-थ्री रायफल हाताळली असेल. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर खिट्टी हाताने मागेपुढे करावी लागते. हे काम रायफलीने आपले आपणच करावे, सैनिकाने फक्त चाप ओढावा आणि एका ओढीस एकच गोळी सुटावी, अशी सैन्याची मागणी होती. गॅरंड यांनी गोळीमागून येणाऱ्या तप्त वायूलाच कामाला लावले. तो थोडासा वायू एका दांड्याला मागे रेटतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने नवे आत बसते. सांगायला सोपे, पण चिखलात, थंडीत, धुळीत हजारो वेळा हे बिनचूक व्हावे यासाठी त्यांची सुमारे पंधरा वर्षे गेली.

त्यातच १९३२ साली एक विघ्न आले. तोवर त्यांची रायफल .२७६ या लहान काडतुसासाठी बेतलेली होती. सरसेनापती डग्लस मॅकआर्थर यांनी ते काडतूस नाकारले, कारण जुन्या .३० काडतुसांचे प्रचंड साठे पडून होते. गॅरंड यांच्यापाशी .३०चाही आराखडा होता. जाड काडतुसांमुळे क्लिपमध्ये दहाऐवजी आठच गोळ्या मावू लागल्या, एवढाच काय तो फरक पत्करून ते पुढे गेले. ९ जानेवारी १९३६ रोजी ‘एम-१’ म्हणून ही रायफल सैन्यात दाखल झाली. ती मोठ्या संख्येने बनविण्यासाठी लागणारी कित्येक हत्यारेही त्यांनीच आखली. मला तर हे रायफलीइतकेच मोठे काम वाटते.

स्वतःच्या कृतीत बदल करताना त्यांना संकोच नसे. आरंभी वायू नळीच्या तोंडाशी टोपी बसवून अडविला जाई. ती रचना त्रासदायक ठरताच नळीला बारीक छिद्र पाडण्याची पद्धत आली आणि जुन्या रायफलीही बहुतेक तशाच बदलून घेण्यात आल्या. दूरच्या नेमबाजांसाठी दुर्बीण हवी झाली, तेव्हा अडचण अशी की क्लिप वरून भरावी लागते. मग दुर्बीण डाव्या बाजूला सरकवावी लागली आणि दस्त्यावर गाल टेकण्यासाठी चामड्याची गादी बांधावी लागली. पहिल्या प्रकारात रायफलीच्या मुख्य भागालाच छिद्रे पाडावी लागत. गॅरंड यांनी आखलेल्या ‘एम-१ डी’मध्ये दुर्बिणीचा आधार नळीवर आला आणि ते टळले.

इतरांनी केलेले बदल मात्र नेहमीच शहाणपणाचे नव्हते. २४ इंचांची नळी १८ इंचांवर आणून आखूड रायफल करून पाहिली, तर आवाज आणि ज्वाळा असह्य झाल्या. युद्ध संपल्यावर तो विचार सोडून देण्यात आला. पुढे व्यापाऱ्यांनी जुन्या रायफली कापून ‘टँकर’ या नावाने खपविल्या. रणगाड्यातल्या सैनिकांना त्या कधीच मिळाल्या नव्हत्या! अमेरिकी नौदलाने १९६०च्या दशकात नव्या ७.६२ काडतुसासाठी नळीत छोटी नळकांडी बसविली. ती कधीकधी रिकाम्या काडतुसाबरोबरच बाहेर उडे, म्हणून अखेर नळ्याच बदलाव्या लागल्या. इटलीत बेरेट्टा कारखान्याने मात्र वीस गोळ्यांचे मॅगझिन जोडून ‘बीएम-५९’ ही चांगली रायफल घडविली. आज संग्राहक उलट दिशेने निघाले आहेत. कापलेली, बदललेली रायफल त्यांना नकोशी वाटते. टोपीवाली जुनी, अस्पर्श रायफल मिळाली तर ते हवी ती किंमत देतात.

एकूण सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. गॅरंड यांना त्यांतून किती मिळाले? एका पैचेही मानधन नाही. १९३६ सालीच त्यांनी आपले हक्क सरकारच्या स्वाधीन केले होते आणि ते पगारावर काम करीत राहिले. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक अमेरिकी काँग्रेसपुढे आले. ते संमत झाले नाही. १९४४ साली पदक मिळाले. त्यांनी याबद्दल त्रागा केल्याचे माझ्या वाचनात नाही. पण मला हा व्यवहार न्याय्य वाटत नाही. सरकारी वेळेत, सरकारी हत्यारांनी काम केले म्हणून हक्क सरकारचा, हा युक्तिवाद कायद्याला धरून असेल. पंधरा वर्षांच्या चिकाटीचा हिशेब त्यात बसत नाही.

१९५३ साली ते निवृत्त झाले, तेव्हा १०,००,००० हा क्रमांक कोरलेली एम-१ रायफल त्यांना भेट मिळाली. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्ड येथेच त्यांचे निधन झाले. त्यांची शस्त्रशाळा त्याआधी १९६८ सालीच बंद झाली होती. तेथे आता संग्रहालय आहे. भेटीदाखल मिळालेली ती रायफल २०१८ साली लिलावात अडीच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली.