खराटा लक्षात राहिला, धर्मशाळा विसरलो

दरवर्षी २० डिसेंबरला आम्ही गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घालतो, खराटे घेऊन विहाराभोवतीचा परिसर झाडतो, फोटो काढतो आणि घरी जातो. त्यात वाईट काहीच नाही. पण लोकांनी बाबांच्या झोळीत टाकलेला पैसा खराट्यांवर खर्च झाला नव्हता. तो गेला धर्मशाळा, सदावर्ते आणि वसतिगृहांवर. ज्यांना डोके टेकायला जागा नाही, त्यांच्यासाठी बाबांनी काय केले आणि कसे केले, हे चळवळीतल्या तरुणांनी समजून घ्यायला हवे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आल्या. तिथे डेबूने गुरे राखली, शेती केली. शाळा मात्र नशिबी आली नाही. पुढे मामाही सावकाराच्या कर्जात अडकले. दारू घर कसे बसवते आणि हिशेब न कळणाऱ्याच्या हातून जमीन कशी निसटते, या दोन्ही गोष्टी डेबूजींनी आपल्याच घरात पाहिल्या. म्हणून मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण द्यायला त्यांनी नकार दिला आणि गोडाचे जेवण घातले. जातभाई नाराज झाले, पण डेबूजी मागे हटले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे हा माणूस स्वतः बेघर राहिला. भाकरी मागून खाल्ली, पण फुकट नाही. आधी कुणाची लाकडे फोडून द्यायची, कुणाचे अंगण झाडायचे, मग भाकरी घ्यायची. मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान शाबूत राहिला पाहिजे, हा धडा त्यांनी आधी स्वतः गिरवला.

दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. हे कीर्तन म्हणजे बहुजनांची रात्रशाळाच होती. फळा नाही, पाटी नाही, फी नाही. समोर बसलेले शेतकरी, मजूर, बायाबापड्या बहुतेक निरक्षर, आणि शिकवणाराही शाळेत न गेलेला. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. लग्नासाठी कर्ज का काढता? नवसाला बोकड का कापता? माणसाला माणसाचा विटाळ कसा होतो? ताट नसले तर हातावर भाकरी घ्या, बायकोला कमी किमतीचे लुगडे आणा, पण पोराला शाळेत घाला, हे ते गावोगाव सांगत राहिले. कर्ज, व्यसन, अंधश्रद्धा आणि निरक्षरता यांनी माणूस उघड्यावर येतो. बाबांचे कीर्तन नेमके याच चार गोष्टींवर घाव घालत होते.

पण उपाशी आणि थंडीने कुडकुडणाऱ्याला नुसते शहाणपण सांगून भागत नाही, हेही ते जाणून होते. पंढरपूरला वारीसाठी येणाऱ्या अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश नव्हता आणि धर्मशाळांतही जागा मिळत नव्हती. पावसात भिजणाऱ्या या लोकांसाठी बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली, कारण खेड्यातून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक रस्त्यावर झोपत होते. लाखो रुपये हातून गेले, पण या इमारतींवर स्वतःचा किंवा नातेवाइकांचा हक्क त्यांनी ठेवला नाही.

१९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी ती जागा कामी आली. आमच्या मते बाबांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा निर्णय होता. धर्मशाळा वारकऱ्याला चार रात्रींचा आसरा देते. वसतिगृह मुलाला चार वर्षे सांभाळते आणि पुढे त्याच्या घरातल्या कुणालाच आसरा मागायची वेळ येऊ देत नाही.

बाबासाहेबांना तर या दानाचा अर्थ कुणी सांगायची गरजच नव्हती. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि तिथल्या पारशी वसतिगृहातून त्यांना जातीमुळे बाहेर काढले गेले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. बाबांच्या मामांकडे घर होते, पण शिक्षण नव्हते. बाबासाहेबांकडे शिक्षण होते, पण छप्पर नव्हते. म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले होते. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. बाबांनी विठ्ठलाचे कीर्तन सोडले नाही, बाबासाहेबांनी धम्माचा मार्ग दिला. तरीही छप्पर आणि शिक्षण एकत्र दिले पाहिजे, इथे दोघे एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. आयुष्याचा शेवटही घरात नाही, रस्त्यावरच झाला.

पुढे सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. हे योग्यच झाले. पण शहरातल्या पुलाखाली आजही माणसे झोपतात, आणि त्यांत आपलेच समाजबांधव मोठ्या संख्येने आहेत. एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तो निवारा मागणे हा हक्क आहे, त्यासाठी लढलेच पाहिजे. पण निवाऱ्यातल्या माणसाला सही करता येत नसेल, मजुरीचा हिशेब कळत नसेल, आधार कार्ड आणि बँकेचे खाते नसेल, दारू सुटत नसेल, तर तो पुन्हा फुटपाथवर येतो.

आमची विहारे संध्याकाळी बऱ्याचदा कुलूपबंद असतात. आमच्याकडे पदवीधर तरुण आहेत, मोबाईल आहेत, दोन तास वेळही आहे. जवळच्या निवाऱ्यातल्या दहा जणांना आठवड्यातून दोन संध्याकाळी अक्षरे, हिशेब आणि कागदपत्रे शिकवायला याहून जास्त काय लागते? बाबांकडे तर यातले काहीच नव्हते.

येत्या २० डिसेंबरला खराटा जरूर हातात घेऊया. पण झाडून झाल्यावर विहाराचे दार उघडे ठेवूया.

जय भीम! नमो बुद्धाय!