बारा खुर्च्यांचा वकील

‘रुस्तम’ पाहिला असेल तर ज्युरी कशी दिसते ते तुम्हाला माहीत आहे. कोर्टात एका बाजूला ओळीनं बसलेली साधी माणसं, आणि शेवटी त्यांच्यातलाच एक जण उठून निकाल सांगतो. तो सिनेमा ज्यावर बेतला त्या नानावटी खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपी निर्दोष ठरवला. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. त्यामुळे एक प्रश्न तुम्हाला-आम्हाला कधी पडतच नाही. ती माणसं तिथे येऊन बसतात कशी? त्यांना निवडतं कोण?

अमेरिकेत हा प्रश्न अजूनही रोजचा आहे. आणि ज्या माणसानं आयुष्यभर त्याचाच विचार केला, त्याचं नाव क्लॅरेन्स डॅरो.

जन्म १८५७चा, ओहायो राज्यातला. बाप लाकडाचं सामान बनवायचा, शवपेट्याही बनवायचा. गाव देवभोळं आणि हा गृहस्थ नास्तिक, घरात पुस्तकांचे ढीग. म्हणजे गावातले सगळे एका बाजूला आणि आपलं घर दुसऱ्या बाजूला, हे डॅरोनं लहानपणीच पाहिलं. कायद्याचं कॉलेज त्यानं वर्षभरात सोडलं, एका वकिलाच्या ऑफिसात बसून शिकला आणि परीक्षा पास झाला. १८८७ मध्ये शिकागोला आला. काही वर्षांत एका रेल्वे कंपनीचा वकील झाला. बरं चाललं होतं. पण १८९४ मध्ये पुलमन कंपनीच्या कामगारांचा मोठा संप झाला, रेल्वे ठप्प झाली आणि संपाचा पुढारी युजीन डेब्ज याच्यावर खटला भरला गेला. डॅरोनं रेल्वेची नोकरी सोडली आणि तो डेब्जच्या बाजूनं उभा राहिला. गंमत बघा, त्या खटल्यात एक ज्युरर आजारी पडला आणि खटला तिथेच थांबला तो कायमचा! बारातला एक माणूस कमी झाला तर काय होतं, हे डॅरोला असं पहिल्या झटक्यात कळलं.

आता निवड कशी होते ते थोडक्यात. कोर्ट गावातल्या नागरिकांना बोलावणं धाडतं. बारा जागांसाठी माणसं शंभरानं येतात. मग एकेकाला प्रश्न विचारले जातात. आरोपीला ओळखता का? पेपरात काय वाचलंत? फाशीबद्दल तुमचं मत काय? ज्याचं मन आधीच बनलेलं दिसतं, त्याला कारण देऊन बाहेर काढता येतं. शिवाय दोन्ही बाजूंना काही माणसं कारण न सांगता नाकारायचा हक्क असतो. हा शेवटचा हक्क नीट लक्षात ठेवा. चेहरा आवडला नाही, आडनाव आवडलं नाही, तरी चालायचं. खुनाच्या खटल्यात बाराच्या बारा जणांचं एकमत व्हावं लागतं, त्यामुळे बचावाच्या वकिलाला एक हट्टी माणूस मिळाला तरी पुष्कळ असतं.

१९०७ मध्ये हे शास्त्र डॅरोनं आयडाहो राज्यातल्या बॉयसी गावात वापरलं. तिथल्या माजी गव्हर्नरांना घराच्या फाटकाला लावलेल्या बॉम्बनं मारलं होतं आणि खाण कामगारांचा नेता बिल हेवूडवर कट रचल्याचा आरोप होता. सगळ्या देशाचे वार्ताहर तिथे जमलेले. ज्युरी निवडायलाच काही आठवडे गेले. खटला सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजूंची माणसं वेगवेगळ्या निमित्तानं घरोघर हिंडत होती. इथला शेतकरी युनियनबद्दल काय बोलतो, कुणाला कर्ज आहे, कोण कुठल्या चर्चमध्ये जातो, सगळं टिपून घेत होती. कहर म्हणजे डॅरोच्या बाजूनं ही माहिती गोळा करणाऱ्यांतला एक जण पिंकर्टन या खासगी हेर कंपनीचा माणूस निघाला. म्हणजे डॅरोकडे येणारी माहिती सरकारी वकिलांकडेही पोहोचत होती. शेवटी बाकावर बसले ते बहुतेक शेतकरी. त्यांनी हेवूडला सोडलं. मुख्य साक्षीदार स्वतःच अनेक खून कबूल केलेला माणूस होता, त्याच्या एकट्याच्या शब्दावर ते कुणाला फासावर द्यायला तयार नव्हते.

इथपर्यंत ही गोष्ट एका हुशार वकिलाची आहे. चार वर्षांनी लॉस एंजलिसला ती वेगळीच झाली.

१ ऑक्टोबर १९१०च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या ‘टाइम्स’ या वर्तमानपत्राच्या इमारतीत स्फोट झाला, आग लागली, वीस-एकवीस माणसं गेली. पेपरचा मालक युनियनचा कट्टर शत्रू. आरोप आला मॅकनमारा बंधूंवर, दोघंही युनियनवाले. देशभरच्या कामगारांनी पदरमोड करून खटल्यासाठी पैसे गोळा केले आणि डॅरोला गळ घातली. ऑक्टोबर १९११ मध्ये ज्युरी निवडायला सुरुवात झाली. दिवसांमागून दिवस चालले होते तरी बाक भरेना. ज्याला त्याला विचारावं तर तो एक तर पेपरच्या बाजूनं किंवा युनियनच्या बाजूनं. त्यात शहराच्या महापौरपदाची निवडणूक तोंडावर, आणि बचावाच्या वकिलांपैकी एक जण त्या निवडणुकीतला समाजवादी उमेदवार. अशा शहरात ज्यांचं मन कोरं आहे अशी बारा माणसं आणायची कुठून?

२८ नोव्हेंबरला सकाळी डॅरोच्या पदरी काम करणारा एक डिटेक्टिव्ह रस्त्यात पकडला गेला. तो ज्युरीसाठी बोलावलेल्या एका माणसाला पैसे देत होता. आणि डॅरो स्वतः त्या वेळी त्याच रस्त्यावर होता. तीन दिवसांनी मॅकनमारा बंधूंनी कोर्टात गुन्हा कबूल केला. फाशी टळली, पण ज्यांनी आपल्या पगारातून पैसे पाठवले होते त्या लाखो कामगारांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. समाजवादी उमेदवार निवडणूक हरला. आणि डॅरोवर ज्युररना लाच दिल्याचे खटले उभे राहिले.

आता विचार करा. ज्युरी विकत घेतल्याचा आरोप असलेल्या माणसाचा न्याय कुणी करायचा? ज्युरीनंच! १९१२ मध्ये पहिल्या खटल्यात डॅरो स्वतःच्या बचावासाठी बोलला तेव्हा ऐकणारे रडले म्हणतात. ज्युरीनं तासाभराच्या आत त्याला निर्दोष सोडलं. दुसऱ्या खटल्यात मात्र एकमत झालं नाही, बारातले आठ जण त्याला दोषी म्हणत होते. शेवटी पुन्हा कॅलिफोर्नियात वकिली करायची नाही या बोलीवर प्रकरण मिटलं. त्यानं लाच दिली होती का? चरित्रकारांत आजही वाद आहे. पण आपला पगारी माणूस परस्पर एवढी मोठी रक्कम वाटत फिरेल आणि डॅरोला गंधही नसेल, हे मला तरी पचत नाही. समोरची बाजू पेपर, पोलीस, पैसा सगळं वापरते आहे, मग आपण तरी हात बांधून का बसायचं, असं त्याला वाटलं असावं. वाटणं समजू शकतं. पण तसं असेल तर त्या बाकावरच्या बारा माणसांवरचा त्याचाच विश्वास संपला होता.

पंचावन्न वर्षांचा, कर्जात बुडालेला, जुन्या मित्रांनी टाकलेला डॅरो शिकागोला परतला. परत नाव कमवायला त्याला दहा वर्षं लागली. १९२४ मध्ये लिओपोल्ड आणि लोब या दोन श्रीमंत पोरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून केला. सगळ्या शिकागोला त्यांची फाशी हवी होती. डॅरोनं काय केलं? ज्युरी निवडलीच नाही. थेट गुन्हा कबूल करायला लावला, म्हणजे शिक्षा एकटा न्यायाधीश ठरवणार. फाशीची जबाबदारी बारांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते, एकट्याला ती पेलत नाही, असा त्याचा हिशेब. तो बरोबर ठरला, जन्मठेपेवर भागलं. ज्युरीचा एवढा मोठा जाणकार, पण कधी तिला टाळायचं हेही त्याला कळत होतं.

त्याच्या पुढच्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये जे झालं, त्यासाठी मला डॅरो आवडतो.

ऑसियन स्वीट हा काळा डॉक्टर. युरोपात जाऊन जास्तीचं शिकून आलेला. त्यानं गोऱ्या वस्तीत १८,५०० डॉलरला विटांचं घर घेतलं. सप्टेंबर १९२५ मध्ये बायकोला घेऊन तो राहायला गेला आणि दुसऱ्याच संध्याकाळी घराबाहेर शेकड्यांनी माणसं जमली. पोलीस उभे होते, बघत होते. दगड आले, काचा फुटल्या. आतून गोळ्या सुटल्या आणि रस्त्यावरचा एक गोरा माणूस मेला. घरातल्या अकराच्या अकरा जणांवर खुनाचा आरोप ठेवला गेला, त्यात डॉक्टरची बायकोही होती.

शहराची हवा कशी होती? कू क्लक्स क्लॅनच्या पाठिंब्याचा उमेदवार आदल्या वर्षी महापौर होता होता राहिला होता, आणि खटला सुरू असतानाच तो पुन्हा उभा होता. ज्युरीच्या बाकावर बारा गोरे पुरुष. डॅरोला नाकारायचा हक्क होता खरा, पण नाकारून नाकारून किती नाकारणार? येणारा पुढचाही गोराच.

न्यायाधीश फ्रँक मर्फी बरा माणूस होता, पुढे तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. सरकारी साक्षीदार एकामागून एक येऊन सांगत होते की घरापाशी गर्दी नव्हतीच, तुरळक माणसं होती. उलटतपासणीत एका तरुण पोराच्या तोंडून मोठी गर्दी असल्याचं निघून गेलं आणि मग त्यानं घाईघाईनं शब्द फिरवला. डॅरोनं तो धागा सोडला नाही. तरी पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. दोन दिवसांच्या आसपास आत बसून, भांडून, दमून ते बाहेर आले.

एप्रिल १९२६ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, फक्त डॉक्टरच्या धाकट्या भावावर, हेन्रीवर. कॉलेजात शिकणारा पोरगा, तुमच्याच वयाचा. आपण गोळी झाडली हे त्यानं कबूल केलं होतं. शेवटच्या भाषणात डॅरो तासन् तास बोलला. तुम्ही निःपक्षपाती आहात अशी खुशामत त्यानं ज्युरीची केली नाही. उलट, तुमच्या मनात पूर्वग्रह आहे, लहानपणापासून तो तुमच्यात मुरलाय, हे त्यानं तोंडावर सांगितलं. मग एवढंच विचारलं की घरात गोरे असते आणि बाहेरचा जमाव काळा असता, तर हा खटला तरी झाला असता का. १३ मे रोजी, चार तासांच्या आत, त्या बारा गोऱ्या पुरुषांनी हेन्रीला सोडलं. बाकीच्यांवरचे आरोप पुढे मागे घेतले गेले.

इथे थांबलो तर हीरोची गोष्ट होईल. पण १९३२ मध्ये, शेअर बाजारात पैसा गमावलेला, पंचाहत्तरीचा डॅरो मोठी फी घेऊन हवाई बेटांवर गेला. नौदलाच्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानं, त्याच्या सासूनं आणि दोन खलाशांनी मिळून जोसेफ काहाहावाई या स्थानिक तरुणाला पळवून ठार मारलं होतं. अधिकाऱ्याच्या बायकोवर हल्ला केल्याच्या आरोपात त्याच्या आधीच्या ज्युरीचं एकमत झालं नव्हतं, म्हणून यांनीच न्याय हातात घेतला. डेट्रॉइटमध्ये जमावाच्या विरुद्ध उभा राहिलेला माणूस आता याच चौघांचा वकील! बाकावर या वेळी गोरे, चिनी, हवाईयन अशी मिश्र ज्युरी होती, आणि डॅरोला ती वाचताच आली नाही. त्यांनी चौघांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. मिश्र ज्युरी न्याय करू शकत नाही अशी ओरड वॉशिंग्टनपर्यंत चालली होती, पण पुरावा बघता नेमकं तिनंच काम चोख केलं होतं. दहा वर्षांची शिक्षा झाली. गव्हर्नरनं ती एका तासावर आणली. तो तास चौघांनी गव्हर्नरच्या ऑफिसात काढला.

१९३६ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात डॅरोनं ज्युरर कसे निवडावेत यावर लेख लिहिला. आयरिश माणूस सोडू नका, हसणारा माणूस तर अजिबात सोडू नका, कारण हसणाऱ्याला शिक्षा द्यायला जड जातं. बॅप्टिस्ट टाळा, प्रेस्बिटेरियन टाळा, ल्यूथरन तर नकोच. श्रीमंतांपासून जपून. बायकांवर त्याचा फारसा भरवसा नव्हता. वाचताना हसू येतं, मग जरा अस्वस्थ व्हायला होतं. आयुष्यभर ज्या पूर्वग्रहाशी हा माणूस भांडला, त्याचीच ही यादी आहे, फक्त त्याच्या अशिलाच्या सोयीनं लावलेली.

१३ मार्च १९३८ रोजी तो शिकागोत वारला. त्याची राख तिथल्या जॅक्सन पार्कमधल्या तळ्यात सोडली. कारण न सांगता ज्युरर नाकारायचा हक्क मात्र तसाच राहिला. वंशावरून कुणाला नाकारता येणार नाही असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये सांगितलं आणि बाई-पुरुष यावरूनही नाही हे १९९४ मध्ये. तरीही २०१९ मध्ये मिसिसिपीतल्या एका खुनाच्या खटल्यात तेच प्रकरण त्या कोर्टापुढे परत आलं. एकाच काळ्या आरोपीवर सहा वेळा खटला चालला होता आणि त्या सहांत मिळून सरकारी पक्षानं ज्युरीसाठी आलेल्या ४२ काळ्या नागरिकांपैकी ४१ जणांना नाकारलं होतं.