लक्ष्मीबाई टिळक : एक पुण्यस्मरण

मंडळाच्या वर्धापनदिनी एखाद्या थोर स्त्रीचे स्मरण करावे, ही आपली जुनी प्रथा. यंदा हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मनात पहिले नाव उभे राहिले ते लक्ष्मीबाई टिळकांचे. आपल्यापैकी बहुतेक भगिनींनी ‘स्मृतिचित्रे’ वाचले असेल. निदान त्यातला एखादा धडा शाळेत तरी वाचला असेल. पण पुस्तक वाचताना आपण इतक्या हसतो, की ते लिहिणाऱ्या बाईने काय सोसले होते, याचा विसर पडतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. सारे मनूच म्हणत. वडिलांचे सोवळे फार कडक. बाजारातून आणलेला जिन्नससुद्धा धुतल्यावाचून घरात यायचा नाही. साऱ्या घराला त्या सोवळ्याचा धाक. अशा घरात वाढलेली ही मुलगी अकराव्या वर्षी लग्न होऊन नारायण वामन टिळकांच्या घरी आली.

टिळक म्हणजे वाऱ्यावरची वरात. मोठे बुद्धिमान, हळवे, कवी. पण तितकेच रागीट आणि लहरी. मनात आले की उठावे आणि चालू लागावे. मागे बायकोने काय खावे, कोणाकडे राहावे, याची फिकीर नाही. हातात पैसा आला की दुसऱ्याच्या गरजेला तो आधी जायचा. लक्ष्मीबाई कधी माहेरी, कधी नातेवाइकांकडे दिवस काढीत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लिहावाचायला जे थोडेबहुत आले, ते टिळकांनीच शिकवले. जोडाक्षरांशी त्यांचे भांडण मात्र जन्मभर मिटले नाही. मुलांपैकी दत्तू तेवढा हाती लागला.

आणि मग १८९५ साल उजाडले. त्याच्या दोन वर्षे आधी आगगाडीच्या प्रवासात एका परक्या माणसाने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला होता. ते वाचत राहिले, विचार करीत राहिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही बातमी घरी आली तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना करा. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेलेला. पदरी लहान मूल. सव्वीस वर्षांच्या बाईने अशा वेळी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

यापुढची हकीगत आपण बारकाईने पाहिली पाहिजे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोही झाली, असे दोन शब्दांत सांगून लोक मोकळे होतात. तसे घडले नाही. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने राहिल्या आणि आपला धर्म त्यांनी सोडला नाही. टिळकांवरचे प्रेम तुटले नव्हते. विरहाच्या त्या दिवसांतच त्यांना कविता सुचू लागली. पण प्रेमासाठी श्रद्धा बदलायची, हे त्यांना मान्य नव्हते. टिळकांच्याही मोठेपणाची गोष्ट अशी, की त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही.

पुढे त्या टिळकांजवळ अहमदनगरास गेल्या, त्याही आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. पण मनात विचार सुरू झाला होता. माणूस देवाने निर्माण केला. मग जाती कोणी केल्या? देवाने केल्या नसतील, तर त्या पाळायच्या कशासाठी? हा प्रश्न त्यांना कोणा पंडिताने घातला नव्हता, त्यांनीच आपल्या मनाला घातला. उत्तर मिळाले तेव्हा धुतलेल्या जिनसांच्या घरात वाढलेल्या या बाईने कोणाच्याही हातचे खाणेपिणे सुरू केले. आधी जातिभेद सुटला, धर्मांतर मागून आले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. मधल्या पाच वर्षांत ही स्त्री स्वतःच्या पायांनी तेवढे अंतर चालून आली होती.

त्यांची श्रद्धा देवळापुरती नव्हती, चुलीपाशीही ती दिसे. टिळकांच्या घराला दार असे नव्हतेच. पोरकी मुले येत, विद्यार्थी येत, कवी येत. ताराला त्यांनी पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले, तेही मुलासारखेच. घरात पैशाची चणचण नित्याचीच, तरी आलेल्याच्या पानात काही ना काही पडे. प्लेगच्या दिवसांत, जेव्हा सख्खी माणसे दूर पळत, तेव्हा लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. सेवा हा शब्द आपण सभेत पुष्कळदा वापरतो. त्यांनी तो फारसा उच्चारला नसेल.

१९१८ साली बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले आणि पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. चाळीस वर्षांचा संसार, त्यातली कितीतरी वर्षे वाट पाहण्यात गेलेली. त्यानंतरचा काळ त्यांनी मुलाच्या संसारात घालवला; काही वर्षे त्याच्याबरोबर कराचीसही काढली. एवढ्यावर त्यांचे चरित्र संपले असते तर एक सोशिक पत्नी, एक प्रेमळ आई म्हणून घरच्यांनी आठवण ठेवली असती, इतकेच.

पण टिळकांचे एक काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठीत सांगण्यासाठी त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले होते आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले होते. ते पुढे न्यायचे लक्ष्मीबाईंनी मनावर घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले! शाळेत न गेलेल्या, जोडाक्षरांना भिणाऱ्या बाईने हे केले. ओवी त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. जात्यावर, पूजेच्या वेळी, पोथीच्या श्रवणात ती लहानपणापासून कानी पडलेली होती. धर्म बदलला, पण आईच्या घरची भाषा त्यांनी टाकली नाही. नव्या देवालाही त्यांनी त्याच भाषेत आळवले.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म तर याहून साधा. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आठवणी द्याव्यात, असा त्यांचा आग्रह. आठवणी लिहिता लिहिता त्यात आईच उभी राहिली. ‘संजीवनी’ मासिकातून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपाने निघाल्या. तेव्हा लेखिकेने साठी ओलांडली होती. नवऱ्याचा राग, उपासमार, फजिती, मरणे, सारे त्यात आहे. पण कोणावर ठपका नाही. जास्तीत जास्त हसू आहे ते स्वतःवरच. टिळकांचे दोष त्यांनी झाकले नाहीत आणि त्यांच्यावरचे प्रेमही लपवले नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ छापून झालेले त्यांना पाहता आले नाही. ते १९३८ साली निघाले. ‘स्मृतिचित्रे’ मात्र १९५० साली इंग्रजीत गेले, २०१७ साली शांता गोखले यांनी त्याचा नवा इंग्रजी अनुवाद केला, आणि मराठीत तर ते आजही विकत मिळते.

भगिनींनो, आपल्या मंडळात निरनिराळ्या देवांना हात जोडणाऱ्या बायका आहेत. लक्ष्मीबाईंकडून घ्यायचे ते सगळ्यांना सारखेच घेता येईल. नवऱ्यावर माया असावी, पण श्रद्धा आणि विचार यांसाठी दुसऱ्याचा हात धरून बसू नये. आणखी एक. आपल्या घरात सासूबाई असतील, आजी असतील, ज्यांना आपण लिहायला येत नाही असे म्हणून गप्प बसवतो. त्यांच्याजवळ दुपारी घटकाभर बसावे, आठवणी विचाराव्यात आणि वही पुढे करावी. दत्तूने आईला लिहायला लावले नसते, तर आपण आज कोणाचे स्मरण केले असते?