निराधार मातांची माउली सावित्रीबाई
सावित्रीबाई फुले (१८३१–१८९७) आद्य शिक्षिका म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या दुसऱ्या कार्याचें आम्ही येथें स्मरण करितों. त्या काळीं उच्चवर्णीय विधवेस पुनर्विवाहाची रूढीनें मनाई असे. ती गरोदर राहिल्यास लोकलज्जेस्तव कित्येकदां स्वतःचा अगर अर्भकाचा जीव घेई. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत आपल्याच घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. तेथें गुप्तपणें यावें, सुखरूप बाळंत व्हावें, मूल हवें तर न्यावें, नाहींतर ठेवून जावें. १८७४ सालीं तेथें आलेल्या काशीबाई नामक ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत या निपुत्रिक दांपत्यानें दत्तक घेतला. तो पुढें डॉक्टर झाला. प्लेगांत रुग्णसेवा करितांना सावित्रीबाई निवर्तल्या.

पुण्याशेजारील पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांभोवतीं आजहि परगांवच्या गर्भवती स्त्रिया राहतात. त्यांतील निराधार भगिनीस जातगोत न विचारतां आधार देणें, हेंच त्या माउलीचें खरें स्मारक होय.