संघात आहे, पंगतीत नाही

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला तो १९८२ साली. त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली तिकडच्या एका बँक शाखेत झाली. तेंदूपत्त्याच्या हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसे आणि पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की दोन-दोन दिवस कुणी ग्राहक फिरकत नसे. हिवाळ्यात मात्र चंद्रपूरला निरनिराळ्या शाखांचे क्रिकेट सामने होत आणि त्याचा मोठाच उत्साह असे. आमच्या शाखेचा संघ निवडण्याचे काम एका वर्षी माझ्याकडे आले.

आमच्याकडे एक दफ्तरी होता. वैनगंगेकाठच्या खेड्यातला, सावळा, काटकुळा, अबोल. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर तो गोलंदाजी करी. त्याचा चेंडू टप्पा पडल्यावर असा काही वळे की आम्हा साहेब मंडळींची भंबेरी उडे. मी यादी लिहायला बसलो. पहिले नाव अर्थातच मोठ्या साहेबांचे. मग पदांच्या क्रमाने एकेक नाव उतरत गेले आणि अकरा आकडा पुरा झाला. दफ्तऱ्याला आम्ही सोबत नेले ते सामानाची पेटी आणि पाण्याचा माठ सांभाळायला. सावली, मूल करीत जीप चंद्रपूरला पोचली. सामना आम्ही सपशेल हरलो. परतीच्या वाटेवर तो मागच्या बाकावर पेटीला टेकून झोपून गेला होता.

पुढे पुष्कळ वर्षांनी बाळू पालवणकर यांच्याविषयी वाचताना मला एकाएकी तो बाक आठवला.

पालवणकर हे नाव आजच्या तरुण वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र ते मुंबई-पुण्याच्या मैदानांवर गाजत होते. पुष्कळ जाणकार त्यांना भारतातला पहिला थोर गोलंदाज मानतात. हे घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, चांभार समाजातले. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्करी नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही पुढे नामांकित खेळाडू झाले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. तिथे चार रुपये मिळू लागले. काम वाढले होते. खेळपट्टी आखायची, जाळी उभारायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडूही टाकायचे. डाव्या हाताने मंदगती फिरकी टाकणारा हा मुलगा साहेबांच्या लवकरच नजरेत भरला. त्या काळचे नाणावलेले इंग्रज फलंदाज ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी आपल्याला बाद केले की ते दर खेपेस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. खरे काय ते असो, त्या सरावात ग्रेग यांची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी घोटीव झाली. पण शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या मुलाच्या हाती साहेबांनी बॅट मात्र कधी दिली नाही. बॅट हे मालकाचे हत्यार आणि चेंडू टाकणे हे चाकराचे काम, असाच तो हिशेब होता.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. ज्याच्या हातात ते कसब होते, तो मुलगा अस्पृश्य. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात बरीच भवति न भवति झाली. अखेर जिंकण्याची ओढ सोवळ्यापेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळू संघात आले.

पण कसे आले? मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. बाळूंनी टाकलेला, घामाने भिजलेला चेंडू सवर्ण यष्टिरक्षक विनातक्रार झेली. चहाची वेळ झाली की मात्र सगळे आत जात आणि बाळू बाहेर उभे राहत. इतरांना कपबशी, यांना मातीचे फेकून द्यायचे भांडे. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते दुसऱ्या अस्पृश्य नोकराने आणून ओतायचे. जेवणाचे ताटही वेगळे आणि जागाही वेगळी. गडी बाद करायला ते संघाचे होते, पंगतीला बसायला नव्हते.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याला हरवण्यात बाळूंच्या गोलंदाजीचा सिंहाचा वाटा होता. पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला का कचरता, अशा अर्थाचे खडे बोल इतर खेळाडूंना सुनावले. पुढे लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा गौरव केला. सुधारक आणि राष्ट्रीय पक्षाचे पुढारी यांचे सहसा कशावर एकमत होत नसे. बाळूंच्या डाव्या हाताने ते घडवून आणले.

प्लेगच्या वर्षांत बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले. १९०६च्या फेब्रुवारीत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला आणि बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी टिपले. या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. बाळू आणि शिवराम यांना जिमखान्याच्या उपाहारगृहात इतरांबरोबर बसून खाण्याची मुभा मिळाली. आज आपल्याला यात काय विशेष असे वाटेल. तेव्हाच्या सुधारकी वृत्तपत्रांनी मात्र हा समाजाच्या वाटचालीतला मैलाचा दगड मानला.

त्या काळी संघ कसे निवडत, ते इथे थोडक्यात सांगायला हवे. १९०७ साली मुंबईत युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७ साली इतरांचा संघ येऊन पंचरंगी. प्रत्येक संघात आपापल्या धर्माचे देशभरातले निवडक खेळाडू असत. हिंदू संघातून नागपूरचे सी. के. नायडू १९१६पासून खेळू लागले. म्हणजे एका अर्थाने हे तारकांचेच सामने होते. निवड जिमखान्यांच्या समित्या करीत आणि त्या समित्यांत बसत प्रतिष्ठित घरांतले लोक.

अमेरिकेत बास्केटबॉलच्या तारकांचा असा एक सामना १९५१पासून होत आला आहे. त्यातले सुरुवातीचे खेळाडू निवडायला १९७०च्या दशकात प्रेक्षकांची मते घेऊ लागले. मग लोक गुणांपेक्षा लोकप्रियतेला मत देतात अशी ओरड झाली. २०१७ साली नियम बदलला आणि प्रेक्षकांच्या मताला निम्मे, खेळाडूंच्या मताला पाव आणि पत्रकारांच्या मताला पाव असे वजन ठरले. राखीव खेळाडू प्रशिक्षकांनी निवडायचे. माझ्या नातवाने हे सारे मला समजावून दिले तेव्हा मनात आले, काळ आणि खंड बदलला तरी प्रश्न तोच राहतो. यादी लिहिण्याची लेखणी कुणाच्या हातात द्यायची?

१९११ साली अखिल भारतीय म्हणवला जाणारा पहिला संघ इंग्लंडला गेला. जागा हिंदू, पारशी आणि मुसलमान अशा वाटून दिल्या होत्या. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज. त्यांनी काही मोजकेच सामने खेळले आणि उरलेला वेळ लंडनच्या मेजवान्यांत घालवला. संघ २३पैकी १५ सामने हरला. पस्तिशीला आलेल्या बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्यानिशी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात आठ. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा थाटात सत्कार केला. त्या समारंभात पुढाकार घेणाऱ्यांत भीमराव आंबेडकर नावाचा विशीतला एक विद्यार्थी होता, असे सांगतात.

एवढे सगळे झाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे जाणे हा केवळ उपचार उरायला हवा होता. ज्येष्ठता त्यांची, कर्तबगारी त्यांची. पण वर्षामागून वर्षे गेली आणि प्रत्येक वर्षी दुसरेच नाव पुढे आले. कर्णधार झालेले मुकुंद पै हे दिलदार गृहस्थ. हा मान खरे तर बाळूंचा, असे त्यांनी आपल्याच सत्काराच्या प्रसंगी सांगून टाकले. निवड समितीला मात्र तसे वाटले नाही. चेंडू टाकायला अस्पृश्याचा हात चालत होता. त्याच हाताने खूण करावी आणि सवर्णांनी धावत जाऊन सीमारेषेवर उभे राहावे, हे काही पचत नव्हते.

१९२० साली ठिणगी पडली. बाळूंना संघातून वगळले. पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठलला डावलून एका ब्राह्मण खेळाडूकडे नेतृत्व दिले गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघाबाहेर राहणे पत्करले. गावोगाव त्याची चर्चा झाली आणि समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार केले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून आत जाऊन बसले. तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती होती. थोरल्या पालवणकरांच्या वाट्याला आलेले नेतृत्व ते एवढेच. एका सहृदय मित्राने खुर्चीवरून उठून त्यांना दिलेले.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांनी युरोपियनांना हरवले आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठल यांनी १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिले. या साऱ्या हकिगतीतले बरेचसे त्यामुळेच आपल्यापर्यंत पोचले.

इथे गोष्ट संपवता आली असती तर ती गोड झाली असती. पण बाळूंचे आयुष्य पुढे राजकारणात गेले आणि तिथेही निवडीचाच प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कुणी निवडायचे? फक्त अस्पृश्यांनी, की सगळ्या हिंदूंनी मिळून? डॉ. आंबेडकरांची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे. १९३२च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ साली मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसने डॉ. आंबेडकरांसमोर उमेदवार उभा केला तो बाळूंना. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. ज्या खेळाडूचा अभिमान बाळगत एक विद्यार्थी वाढला, त्यालाच पुढे त्याच्याविरुद्ध उभे राहावे लागले.

या लढतीत बाळूंना खलनायक ठरवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. आपल्या गुणांनी दार हळूहळू उघडते, हा त्यांचा अनुभव होता. मातीच्या भांड्यापासून जिमखान्याच्या टेबलापर्यंत ते स्वतः चालत आले होते. पण ते टेबल मिळवायला माणसाने शेकडो बळी घ्यावे लागत असतील, तर ज्याला गोलंदाजी येत नाही त्याने काय करावे? डॉ. आंबेडकरांचा प्रश्न त्या दुसऱ्या माणसाचा होता. तो लाखोंचा होता, म्हणून त्याचे उत्तर गुणवत्तेच्या कौतुकात नव्हते, हक्कात होते.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, एका बळीमागे जेमतेम पंधरा धावा. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी आमच्या चंद्रपुरात हजारो लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. दर ऑक्टोबरात त्या मैदानाकडे माणसांची रीघ लागते. खेड्यापाड्यांतून शिदोरी बांधून आलेली कुटुंबे झाडांखाली बसून जेवत असतात. कुणाच्या पंगतीत आपल्याला जागा मिळेल का, हे विचारण्याची वेळ त्यांनी मागे टाकली आहे.

एका वर्षी त्या गर्दीत आमचा दफ्तरी भेटला. केस पिकलेले, बरोबर नातवंडे. त्याने मला ओळखले आणि आग्रहाने बसवून घेतले. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी असे जेवण झाले. बोलता बोलता मी त्या सामन्याचा विषय काढला आणि संघाची यादी मीच लिहिली होती, हे सांगितले. तो हसला. त्याला ते ठाऊक होते. ती यादी टंकलेखनाला देण्याआधी तीन वेळा त्याच्याच हातून या टेबलावरून त्या टेबलावर गेली होती, असे त्याने सांगितले आणि माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली.