मुखपृष्ठामागचा वाचक : सत्यजित राय

सत्यजित राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कोलकात्यात झाला. आजोबा उपेंद्रकिशोर हे लेखक आणि मुद्रणतज्ज्ञ, 'संदेश' या बालमासिकाचे संस्थापक; वडील सुकुमार हे बंगाली बालसाहित्याचे लाडके कवी. सत्यजित तीन वर्षांचेही नव्हते तोच पितृछत्र हरपले. अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते शांतिनिकेतनात गेले आणि नंदलाल बसू व विनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे चित्रकला शिकले. त्याच काळात अजिंठा-वेरूळच्या दर्शनाने भारतीय कलेविषयीची त्यांची दृष्टी उघडली.

१९४३ मध्ये डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत ते दरमहा ८० रुपयांवर रुजू झाले. त्याच सुमारास सुरू झालेल्या सिग्नेट प्रेससाठी ते मुखपृष्ठे करू लागले. जिम कॉर्बेट यांच्या शिकारकथांच्या बंगाली आवृत्तीवर त्यांनी वाघाचे कातडे रेखाटले. पुढच्या बाजूस गोळी शिरल्याचे छिद्र, तर मागच्या बाजूस ती बाहेर पडल्याचे मोठे छिद्र! संपूर्ण वेष्टनच त्यांनी बोलके केले.

पुढे विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या १९२९ च्या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली: 'आम आंटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. तिचे मुखपृष्ठ आणि आतील चित्रे रायांकडे आली. तोवर इंग्रजी वाचनात रमलेल्या या तरुणाने मातृभाषेतील ही श्रेष्ठ कृती वाचलीच नव्हती. चित्रांसाठी ती वाचावी लागली, आणि अपू-दुर्गा मनात कायमचे वस्तीला आले. शहरात वाढलेल्या चित्रकाराला बंगालचे खेडे प्रथम भेटले ते या पानांतून.

या कथेवर चित्रपट काढायचे त्यांनी ठरवले, पण पैसा उभा राहीना. विम्याची रक्कम खर्ची पडली, पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले, चित्रीकरण वारंवार थांबले. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने १९५५ मध्ये चित्रपट पूर्ण झाला. पुस्तकासाठी काढलेल्या काही चित्रांनी पडद्यावरील दृश्यांचे रूप घेतले. भारतीय चित्रपट जगाने आदराने पाहिला.

१९६१ मध्ये त्यांनी आजोबांचे 'संदेश' पुन्हा सुरू केले आणि मुलांसाठी बंगालीत विपुल लिहिले. १९९२ मध्ये ऑस्कर आणि भारतरत्न हे सन्मान लाभले; त्याच वर्षी २३ एप्रिलला ते निवर्तले.

मातृभाषेतील एक पुस्तक मनापासून वाचल्याने आयुष्याला कोणते वळण लागू शकते, याचा हा वस्तुपाठ आहे. आपल्या मुलांच्या हाती मराठी पुस्तक देताना तो स्मरणात असावा.